मला विचारलं असतंत तर

बाळीवेस, सोलापूर
गुरुवार, दुपार

प्रिय दिपकभाऊजी,

‘प्रिय’ लिहिलंय म्हणून माझा राग गेला असं समजू नका. तुमच्या नावाआधी दुसरं काही लिहायची मला सवय नाही, एवढंच. फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज वाचता, त्या निळ्या खुणा मला दिसतात, आणि मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसता. मीनावहिनींना फोन लावला की त्या म्हणतात, आत्ताच बाहेर पडले बघा. दिवसभर बाहेर फिरणारा माणूस बुधवार पेठेतून बाळीवेशीपर्यंत तेवढा कसा पोचत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही. म्हणून आता दुकानातल्या माणसाबरोबर हे पत्र पाठवते आहे. त्याला बजावून सांगितलंय, की भाऊजींच्या हातात दिल्याशिवाय परत यायचं नाही. तो बसेल तुमच्या दारात. त्याला चहा द्या, त्याचा काही दोष नाही.

आधी कामाचं लिहिते. येत्या सोमवारी सकाळी यांच्या गळ्यातल्या लिंगाला रुद्रभूमीत माती द्यायची, असं ठरलंय. ठरवलं कुणी, तर माझ्या दिरानं, म्हणजे मल्लेशनं, गुरुपादप्पा काकांनी आणि आमच्या मठाच्या अय्यांनी. मला विचारलं नाही, सांगितलं. लिंग अजून माझ्याजवळ आहे. तुम्ही आणून दिलंत त्या दिवसापासून मी ते कुणाच्या हाती लागू दिलेलं नाही आणि त्यावरून घरात रोज धुसफूस चालते. सोमवारी ते द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय. पुढचं ठरवायला मात्र मला तुमचं उत्तर हवंय. पण त्याआधी तुम्हाला माझं सगळं ऐकून घ्यावं लागेल. गेला महिनाभर ते माझ्या पोटात साठलंय आणि घरात ऐकायला कुणाला वेळ नाही.

हे सगळं तुमच्या लुंबिनीपासून सुरू झालं. पोस्टातून रिटायर झाल्यावर एकदा लुंबिनीला जाऊन यायचं, हे तुमच्या मनात कधीपासूनचं होतं आणि त्याला माझी ना नव्हती. मीनावहिनींना लांबचा प्रवास झेपत नाही, मग सोबत कोण, तर शाळेत एका बाकावर बसलेला शिवपुत्र, म्हणजे हे. इथपर्यंत ठीक. पण नेपाळात जातोच आहोत तर डोंगरही चढून येऊ, हे खूळ नेमकं कुणाच्या डोक्यातून निघालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हे म्हणायचे दिपकनं सुचवलं, तुम्ही म्हणायचात शिवपुत्रनं. ज्या गावात उंच काय, तर भुईकोट किल्ल्याचा बुरूज, त्या गावातली दोन साठी ओलांडलेली माणसं हिमालय चढायला निघाली. तयारी कशी, तर रविवारी तुळजापूरच्या घाटात जायचं, पाठीवरच्या पिशवीत आमच्या भुसार दुकानातली ज्वारी भरून. पहिल्याच रविवारी पिशवीची शिवण उसवली आणि अर्धा घाट तुम्ही ज्वारी सांडत चढलात. घरी येऊन दोघं पोट धरधरून हसत होतात. ज्वारी काय वाटेवर पडलीय का म्हणून मी तोंड सोडलं, तर हे म्हणाले, वाटेवरच पडलीय, चिमण्यांना घातली म्हण. मीही हसले होते तेव्हा. आता तो घाट नुसता आठवला तरी डोकं तडकतं.

मीही येते म्हणाले होते. तुम्ही आमच्या सोप्यात बसला होतात आणि हे नवे बूट पायात घालून घरभर चालून बघत होते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हे म्हणाले, तुझे गुडघे. झालं, विषय संपला. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या गुडघ्यांनी इथला जिना दिवसातून किती वेळा चढला, धान्याची पोती कुठून कुठं ओढली, तेव्हा ते कुणाला आठवले नाहीत. डोंगर म्हटल्यावर बरोबर आठवले. तुम्ही खाली मान घालून चहा प्यालात. वहिनींना घेऊ या की, एवढं म्हणायला तुमचं काय गेलं असतं? बोलायचं तिथं गप्प बसायची तुमची रीत जुनीच आहे. मग मी काय केलं, तर दोन दिवस चुलीसमोर बसून कडक भाकरी केल्या, शेंगाची चटणी कुटली आणि तुमच्या दोघांच्या पिशव्या भरून दिल्या. तुम्हाला आवडतो म्हणून चटणीत लसूण जास्त घातला होता, तेही आठवलं की चीड येते.

रोज संध्याकाळी फोन यायचा. तुमची समजूत असेल की वहिनीला त्या प्रवासातलं काय ठाऊक. पण भाऊजी, तो प्रवास मीही केलाय, ओट्याशी उभं राहून, कानाला फोन लावून. फोन उचलला की आधी यांचं नेहमीचं, ‘एन माडाकत्ती?’ काय करतेस, एवढं विचारायला हे कायम कानडीत शिरायचे, आणि मी काय करतेय ते सांगायच्या आत स्वतःचं सुरू करायचे. लुंबिनीहून बोलले तेव्हा आवाज एकदम बारीक होता. म्हणाले, ‘दिपक तितं झाडाखाली बसून रडाय लागलाय. मी जरा लांब उभा हाय. रडू दे की त्याला, लई वर्सांचं हाय ते.’ तुम्ही उठेपर्यंत मीही फोन ठेवला नाही. तुमच्या त्या रडण्याला तुमच्याव्यतिरिक्त आम्ही दोघं साक्षीदार होतो, हे तुम्हाला माहीत नसेल.

पोखऱ्याला गेल्यावर गाडी पुन्हा रुळावर आली. तळ्यात होडीतून फिरलात, तर म्हणे आपला कंबर तलाव ह्याच्या कोपऱ्यात मावंल. पहाटे हॉटेलच्या गच्चीवरून शिखर दाखवायला यांनी व्हिडिओ लावला आणि रेंज गेली. मला नुसता पांढरा चौकोन दिसत होता. हे पलीकडून विचारत होते, दिसतंय का, उजवीकडचं टोक बघ, माशाच्या शेपटीसारखं हाय बघ. मी म्हणाले, दिसतंय, लई देखणं आहे. माणूस एवढा खूश होता, त्याला कशाला सांगायचं की काही दिसत नाही. त्यानंतर तुमचं चालणं सुरू झालं. तो लोखंडी दोरांचा झुलता पूल, मधे पोचल्यावर यांचे पाय जागच्या जागी थिजले आणि मागून खेचरांची रांग घंटा वाजवत आली. तुम्ही उलटे चालत, यांचे दोन्ही हात धरून पलीकडं नेलंत, हे यांनी मला दोन संध्याकाळी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना खेचरं वाढली होती. लाकडी खोल्यांचं ते राहण्याचं घर, दोन्ही वेळा वरणभात आणि पालेभाजी, आणि सगळे जिला दिदी म्हणतात ती घरमालकीण. तिनं चटणी चाखून बघितली आणि तिला आवडली, म्हणून यांनी अर्धा डबा तिलाच देऊन टाकला. मी ओरडले, अजून चार मुक्काम राहिलेत, तुम्ही काय खाणार? तर म्हणाले, ‘ती रोज एवढ्या पायऱ्या चढती, तिला लागती चटणी.’ बायकोच्या हातची चटणी दुसऱ्या बायकोला द्यायची आणि वर तिचे गुडघे मजबूत म्हणून सांगायचं. मी चिडून फोन ठेवला होता त्या दिवशी.

पण भाऊजी, शेवटच्या संध्याकाळी यांचा दम मला ऐकू येत होता. वाक्याच्या मधेच थांबत होते. मी विचारलं, छातीत दुखतंय का? म्हणाले, थंडी हाय. मी म्हणाले, दिपकभाऊजींना फोन द्या. म्हणाले, तो आंघोळीला गरम पाणी मिळतंय का बघाय गेलाय. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून वरच्या टेकडीवरून सूर्य उगवताना बघायचा होता, त्याचंच सगळं चाललं होतं. तुम्ही त्यांच्याबरोबर दिवसभर चालत होतात. इथं सोलापुरात, फोनवर, कढीत फोडणी घालताना मला जे ऐकू आलं, ते तुम्हाला हाताच्या अंतरावरून ऐकू आलं नाही? की ऐकू आलं आणि हे म्हणाले थंडी हाय आणि तुम्हीही मान्य केलंत? या प्रश्नाचं उत्तर मला नकोय. तुम्ही स्वतःला तो रोज विचारत असणार हे मला माहीत आहे. पण मी तो विचारलाच नाही असं व्हायला नको, म्हणून लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढं बसले होते. मल्लेशचा फोन वाजला. तुम्हाला आमचं घर माहीत आहे, त्याची खोली आणि देवघर यांत एक भिंत, मधलं दार दिवसभर उघडं असतं. तो हळू आवाजात बोलत होता. बराच वेळ बोलत होता. मग दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘वैनी, दादा गेला.’ त्यापुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी सारखी विचारत होते, कधी आणणार, आणि मल्लेश म्हणत होता, पावसानं दरड कोसळून खालचा रस्ता बंद आहे, दिपकदादा बघतायत सगळं. दिपकदादा बघतायत म्हटल्यावर मला धीर आला होता. खोटं लिहीत नाही. वाटलं, तुम्ही आहात म्हणजे यांना घेऊनच याल.

तुम्ही आलात ते मांडीवर तांब्या घेऊन. गोरखपूरपासून गाडीत तो मांडीवरून खाली ठेवला नाहीत, असं नंतर कळलं. पण आमच्या घरात त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला अर्धंच दिसलं असेल, कारण तुमची नजर जमिनीवर होती. आमच्यात कुणाला जाळत नाहीत, भाऊजी. हे तुम्हाला मी सांगायला नको. सासरे गेले तेव्हा तुम्ही होतात. खड्ड्यात त्यांना मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर त्यांचं लिंग ठेवलं, बेल वाहिला, विभूती लावली, आणि माती लोटणाऱ्यांत यांच्याशेजारी तुम्हीच होतात. आमच्यात मेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. त्या दिवशी सोप्यात तो तांब्या ठेवला आणि सगळी भावकी त्याच्याकडं बघत राहिली. एवढी म्हातारी माणसं बसली होती, पण राख घरात आली तर तिचं काय करतात हे एकालाही माहीत नव्हतं. मी आत बायकांच्या घोळक्यात होते आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की राखेला बसवायचं कसं?

आणि तेवढ्यात तुम्ही शर्टाची वरची गुंडी काढलीत आणि यांचं लिंग स्वतःच्या गळ्यातून काढून पुढं धरलंत. मी घोळक्यातून उठून सोप्याच्या दारात आले. चितेवर ठेवायच्या आधी तुम्ही ते यांच्या गळ्यातून काढून घेतलंत, कारण ते आगीत जायची वस्तू नाही, मातीत जायची आहे, हे तुम्हाला सासऱ्यांच्या वेळेपासून माहीत होतं. पिशवीत कपड्यांखाली टाकायचं जिवावर आलं, म्हणून गळ्यात घातलंत. हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही, मी तुम्हाला ओळखते. पण लिंग देहापासून वेगळं करायचं नसतं, आणि दुसऱ्याचं लिंग दुसऱ्यानं गळ्यात घालायचं नसतं, एवढं मात्र तुम्हाला माहीत नव्हतं. आमच्याइतकं आमच्या घरात वावरलेल्या माणसानंच ही चूक करावी. परका असता तर त्यानं ते लिंग काढलंही नसतं आणि गळ्यात घातलंही नसतं.

गुरुपादप्पा काका उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं, ‘आगीत घालाय कुणी सांगितलं? आन् हे गळ्यात घालायचा अधिकार तुला कुणी दिला?’ त्या ‘तुला’मध्ये काय काय होतं ते तुम्हालाही कळलं आणि मलाही. लिंग बांधलं की माणसाची जात संपते, असं याच काकांच्या तोंडून मी लग्नात ऐकलं होतं. मी मल्लेशकडं बघत होते. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. आणि तुम्ही काय म्हणालात? ‘चुकलं माझं.’ दोन शब्द. लिंग माझ्या ओंजळीत दिलंत, चपला घातल्यात आणि निघून गेलात. तेव्हापासून या घराची पायरी चढला नाहीत. तांब्या त्याच दिवशी घाईघाईनं रुद्रभूमीत नेऊन पुरला. कुणी बेल आणायलाही थांबलं नाही.

आता खरं कशाचा राग आहे ते ऐका. गेल्या रविवारी मी आणि शिवानी, मल्लेशची बायको, शेंगदाणे भाजत बसलो होतो. मी सहज म्हणाले, दिपकभाऊजींना आमची रीत माहीत होती, तरी त्यांनी असं कसं केलं? शिवानीच्या हातातला झारा थांबला. पोर रडायलाच लागली. म्हणाली, अक्का, मला राहवत नाही. त्या दिवशी ती फोनला कान लावून मल्लेशला खेटूनच उभी होती. तुम्ही मल्लेशला म्हणालात, की नदीकाठच्या त्या गावातली माणसं चांगली आहेत, माती द्यायला जागा देतो म्हणतायत, तुमच्या पद्धतीनं बसवून देतो, फक्त घरचा होकार पाहिजे. आणि मल्लेश म्हणाला, ‘नको. तितं परमुलखात माती दिली तर वैनी जलमभर तिकडं हेलपाटे घालंल. अग्नी द्या आन् राख घिऊन या.’ तुम्ही पुन्हा विचारलंत. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. शिवानी म्हणाली, ‘दिपकदादानं तीनदा इचारलं, अक्का.’

म्हणजे चुकलं तुमचं नव्हतंच. भरल्या सोप्यात, सगळ्या भावकीदेखत, मल्लेश समोर उभा असताना, तुम्ही त्याची चूक अंगावर घेतलीत आणि निघून गेलात. का, तर दोन भावांचं घर, मागं राहिलेली वहिनी, तिला याच दिराच्या आधारानं राहायचंय, उगाच तेढ नको. बरोबर ना? तुमच्या डोक्यात हेच चाललं असणार. फार मोठं मन तुमचं. पण तुमच्या त्या मोठ्या मनापायी मी महिनाभर तुम्हाला शिव्या घालत होते आणि मल्लेशच्या हातचं पाणी पीत होते. माझा राग कुणावर काढायचा हेसुद्धा तुम्ही दोघांनी मला न विचारता ठरवून टाकलंत.

आणि खरं तर हेही नाही. मल्लेशला तीनदा विचारलंत. मला एकदाही विचारलं नाहीत. माझा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आहे. यांच्या मोबाइलमध्ये तर पहिलाच होता, आणि तो मोबाइल तुमच्या खिशात होता. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं या घरात काही विचारायचं झालं की दिराचा नंबर आधी लागतो, हे दुकानातल्या हमालालाही माहीत आहे. पण तुम्ही? शिळ्या भाकरीचा काला करून माझ्या ताटाशेजारी बसून खाल्लेला माणूस तुम्ही. मी भिंतीपलीकडं बसले होते, भाऊजी. दार उघडं होतं. माझ्या नवऱ्याला मातीत ठेवायचं की आगीत, हे दोन पुरुष फोनवर ठरवत होते आणि मी देवाला फुलं वाहत होते. वहिनींना फोन द्या, एवढं म्हणायचं होतं. ते जमलं नाही तुम्हाला. झुलत्या पुलावरून माणूस ओढून नेता आणि एवढं वाक्य जमत नाही.

काल दुपारी जेवताना मी मल्लेशला विचारलं. शिवानीचं नाव घेतलं नाही, पण त्याला कळलं. ताट तसंच ठेवून बसून राहिला. वाईट माणूस नाही तो. घाबरट आहे. म्हणाला, ‘वैनी, तुमी तिकडं सारख्या जात बसला असता.’ मी म्हणाले, ‘गेले असते की.’ आता तो भावकीला खरं काय ते सांगीन म्हणतोय. सांगेल तेव्हा सांगेल. माझ्यासाठी ते आता फार महत्त्वाचं राहिलेलं नाही, पण तुमच्यासाठी त्यानं सांगितलंच पाहिजे, आणि सांगितलं नाही तर मी सांगणार आहे. यात तुम्ही मधे पडायचं नाही. पुरे झालं तुमचं मधे पडणं.

तुम्ही मला विचारलं असतंत तर मी काय म्हणाले असते? मी म्हणाले असते, बसवा त्यांना तिथंच. रस्ता उघडेपर्यंत ठेवता येत नसेल तर माझी वाट बघू नका, पण बसवा. मातीवर खूण म्हणून दगड ठेवा आणि त्या गावाचं नाव नीट लिहून घ्या. मी रडले असते, ओरडले असते, तुम्हाला नाही नाही ते बोलले असते, पण शेवटी हेच म्हणाले असते. आणि मग मी निघाले असते. भाऊजी, आज मला त्या गावाचं नावसुद्धा माहीत नाही. दाखल्यावर जिल्ह्याचं नाव आहे. मल्लेशला विचारलं तर म्हणतो, काहीतरी अवघड होतं. माझा नवरा ज्या गावात जळला त्याला आमच्या घरात ‘काहीतरी अवघड’ म्हणतात.

आता उत्तर कशाचं हवं ते लिहिते. त्या फोनवर तुम्ही आणखी एक वाक्य बोलला होतात. शिवानीनं ते अगदी शेवटी सांगितलं, तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. तुम्ही मल्लेशला म्हणालात, ‘दम खायाला पायरीवर मांडी घालून बसला. मला म्हणाला, तू हो फुडं, मी आलोच. मी वळून बघितलं तर बसल्या बसल्याच गेलता. कलंडलाबी न्हाय.’ ही गोष्ट तुम्ही महिनाभर माझ्यापासून लांब ठेवलीत? आमच्यात माणसाला बसवायला चार जण लागतात, पाठीला आधार द्यावा लागतो. हे आपले आपण बसले. गळ्यात लिंग होतं. तुम्ही त्यांना तिथून उचलून खाली आणलंत, तुम्हाला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, ते मला समजतं. पण त्यांची जागा ती आहे. रुद्रभूमीत फक्त तांब्या आहे. लिंगाला माती द्यायची ती त्या पायरीशेजारी, आणि मी ती माझ्या हातानं देणार आहे. अय्यांना मी आज सकाळी सांगून आले. ते म्हणाले, सोमवारचं मी थांबवतो. होळी झाली की तिकडच्या वाटा चालायला बऱ्या असतात असं हेच म्हणाले होते. नेपाळला मतदानाचं कार्ड चालतं, ते माझ्याजवळ आहे. मीनावहिनींना येववत असेल तर त्यांनाही घ्या, नसेल तर आपण दोघं जाऊ, आणि लोकांना जे बोलायचं ते बोलू दे. ती पायरी कुठली, हे या जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. येणार की नाही, तेवढं सोमवारच्या आत कळवा. नाही म्हणालात तरी मी जाणार आहे. मग मी एकेका पायरीशी थांबेन आणि तिथल्या माणसांना विचारत राहीन, की माझा नवरा इथं बसला होता का.

तुमचीच, पण रागातच असलेली,
जगदेवीवहिनी